फणसाला जामीन

त्या वर्षी आमच्या घरातले दोन भाऊ एकमेकांशी फक्त पावसापाण्याचं बोलत होते, आणि तेही एकमेकांकडे न बघता.

सकाळी माझे बाबा मागच्या परसात चूळ भरता भरता तावलीच्या डोंगराकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "तावलीनं टोपी घातली. जेवायच्या आत येतोय." हे कोणाला? कोणालाच नाही. पेरूवर कावळा बसलेला असला तर त्याला. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे काका दाढी करत असायचे. ते घाई करायचे नाहीत. ब्रश धुवायचे, वाटी उपडी घालायचे, मग खिळ्याला टांगलेल्या आरशाला सांगायचे, "टोपी नुसती ठेवली आहे, कानापर्यंत ओढलेली नाही. आज कोरडं जाणार." मग माझी आई आणि काकू आपापल्या दारात उभ्या राहून विचार करायच्या, की मिरच्या बाहेर टाकायच्या की नाही.

घर आबांचं. आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे आणि काकांचे वडील. बदलापूरला एका बंगल्यावर ते माळीकाम करायचे. गावाच्या कडेला, कात्रपला, नुसतं गवत आणि करवंदाच्या जाळ्या होत्या तेव्हा त्यांनी तिथे जमिनीचा तुकडा घेतला आणि एकाच आढ्याखाली दोन बिऱ्हाडं बांधली, एक मोठ्या मुलाला, एक धाकट्याला. मागचं परस सामाईक. मधली ती बुटकी भिंत काकांच्या कोंबड्या बाबांच्या आळ्यांत शिरू नयेत म्हणून घातलेली. संडास परसाच्या पार टोकाला, दोन्ही घरांचा मिळून एकच. आणि भिंत जिथे संपते तिथे फणस, अर्धा आमच्यात, अर्धा त्यांच्यात.

आबांना लिहिता येत नव्हतं, पण ऋतू तोंडपाठ होते. कोवळ्या दुधीकडे सरळ बोट दाखवायचं नाही, तो झडतो. दाखवायचाच तर बोट मुडपून. बी टाकताना बोलायचं नाही, पाठीमागून कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढायला लागल्या की सरपण आत घ्यायचं. चिमण्या धुळीत लोळल्या की दोन दिवसांत छत्री लागणार. त्यांच्या मागे बाबांनी या शास्त्रात स्वतःची भर घातली. ते अंबरनाथला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. कंपन्यांचा तो कुजक्या अंड्यांचा वास वर न जाता जमिनीला धरून कात्रपपर्यंत आला, की हवा जड झाली असं समजायचं आणि संध्याकाळी पाऊस धरायचा. काकांचा भर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. कुठलं नक्षत्र कुठल्या वाहनावरून येतंय ते बघून ते निकाल द्यायचे. वाहन बेडूक असलं की खूश, मेंढा असला की तोंड पाडून बसायचे.

मी या सगळ्यात वाढले आणि उल्हासनगरच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आईचं माहेर धरूनसुद्धा, पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. झगा घातलेला माझा फोटो त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या घरांत लागला होता. भांडण झाल्यावरही काकांनी त्यांच्याकडचा उतरवला नाही, हे मी मुद्दाम जाऊन बघितलं होतं.

नोकरी उल्हासनगरलाच लागली, एका पापड-लोणच्याच्या कारखान्यात माल तपासायची. मालक सिंधी, वयस्कर, तोंडाने मोकळा. कारखान्याच्या गच्चीवर पापड वाळायचे आणि आमच्या घरचा अंदाज बरोबर येतो हे त्याला माझ्याकडूनच कळलं होतं. मी पायरी चढले की तो ओरडायचा, "अरे बेटा, तेरे घर का आकाशवाणी क्या बोलता है?"

"शेठ, अभी दो आकाशवाणी हैं. दोनों अलग बोलते हैं."

"बड़ावाला क्या बोलता है?"

"बारिश."

"और छोटावाला?"

"सूखा."

"तो ठीक है, आधा माल डालेंगे."

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण अबोल्यामागचं कारण मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात एक बिल्डर आमच्या दारात आला होता. कात्रपला तेव्हा एकामागून एक इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या दोन्ही अंगांना झाल्या होत्या, मध्ये आम्हीच कौलांखाली राहिलो होतो. जागा दोघा भावांच्या नावावर, तेव्हा सह्या दोघांच्या हव्यात. काका तयार होते.

"दादा, दोघांना एकेक ब्लॉक देतोय," काका म्हणाले. "नळ आत, संडास आत. हिला पावसात त्या टोकापर्यंत जाताना बघितलंस का कधी? भिंत धरून जाते. तिथून पुढे भिंत नाही, मग फणस धरते."

काकूचे गुडघे गेलेले होते. खोटं काही नव्हतं त्यात.

"आणि झाड?" बाबा म्हणाले.

"कुठलं झाड?"

"आबांचा फणस."

"इतकी वर्षं झाली, एक फळ दाखव. फुलोऱ्याचे कोके येतात, काळे पडतात, गळतात. नुसता पाला हवा असेल तर शेळी पाळ, निदान दूध देईल."

बाबा उठून उभे राहिले. बिल्डरचा माणूस दारात होता, शेजारचे दोघे कुंपणाशी होते, त्यांच्या देखत बाबा म्हणाले, "येत्या हंगामात त्याला एक फळ धरलं नाय, तर मी माझ्या हातानं तोडीन आणि सही करीन."

"आणि धरलं, तर मी सहीचं नाव काढणार नाही," काका म्हणाले.

झालं. एका फळावर आमचं घर टांगलं गेलं. त्यानंतर दोघे बोलले नाहीत.

पावसाळाभर बाबा झाडाच्या मागे लागले होते. मुळाशी मासळीचं पाणी ओतलं. आबांच्या सांगण्यातलं आठवून जुन्या चपला दोरीत ओवून खोडाला बांधल्या, झाडाला लाज वाटावी म्हणून. पलीकडून काका आरशाला म्हणाले, "झाड लाजलं नाही, पण येणारे जाणारे लाजतायत." मी बाबांना सांगितलं की चपलांनी काही होत नसतं, मातीत काय कमी आहे ते तपासून घेऊ. बाबा म्हणाले, "तू तपास. मी चपला ठेवतो. दोन्ही चालू दे." मी मातीचा नमुना नेऊन दिला. उत्तर यायला इतका वेळ लागला की तोवर सगळं होऊन गेलं होतं.

नवरात्र झालं तरी परतीचा पाऊस हलत नव्हता. रोज संध्याकाळी बारवी धरणाच्या अंगाला वीज चमकायची. आणि एका सकाळी काकांनी कॅलेंडरातलं वाचून दाखवलं, आरशालाच: "दिवाळीत सूर्यग्रहण आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी." ते साल पंच्याण्णव. बाबांनी त्या दिवशी तावलीकडे बघितलंसुद्धा नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी मला आबांची रीत सांगितली. जे झाड फळत नाही त्याच्यापुढे ग्रहणात कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं. मुसळाने खोडावर ठोकायचं, विचारायचं, फळ देतोस की तोडू? तीनदा विचारायचं. आणि दुसऱ्या कोणीतरी मध्ये पडायचं, सोड त्याला, देईल तो, मी जामीन. मग कुऱ्हाड खाली करायची. झाडाला भीतीही कळते आणि कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकला हेही कळतं, अशी समजूत.

"मग मी होते जामीन," मी म्हटलं. माझा विश्वास नव्हता. पण बाबांचा चेहरा बघून म्हटलं.

"तुझा शब्द त्याला ठाऊक नाय. लावताना पहिलं पाणी ज्यानं घातलं त्याचाच शब्द चालतो. खड्डा मी खणला होता. पाणी यानं घातलं." त्यांनी भिंतीकडे मान केली.

"आणि काका बोलले नाहीत तर?"

"तिसऱ्या वेळेला उचललेली कुऱ्हाड तशीच खाली येत नाय."

आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. कारण आबांची ती गोष्ट तिलाही माहीत होती. बंगल्यावरच्या एका आंब्यापुढे आबा असेच उभे राहिले होते. मध्ये बोलायचं काम मालकाचं होतं. मालकाला गंमत वाटली, तो खुर्चीत बसून हसत राहिला, बोललाच नाही. आबांनी आंबा तोडला. नोकरी गेली. आबांना त्याचं काही वाटलं नव्हतं. झाडाला एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. आणि बाबा आबांचेच चिरंजीव. शिवाय बाबांचं गणित सरळ होतं. काका बोलले नाहीत, तर झाड भाकड ते भाकडच. मग हंगामाची वाट बघायची कशाला, त्याच दिवशी तोडून सही करून टाकायची.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी, त्या साली लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी होतं, मी फराळाचं ताट घेऊन पलीकडे गेले. ताटांची ये-जा बंद झाली नव्हती, तेवढं दोघी बायकांनी सांभाळलं होतं. काकू खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"चकली तुझ्या आईची दिसते," काकू म्हणाली. "वाकडी आहे."

"काका, उद्या बाबा झाडापुढे उभे राहणार आहेत."

"कुऱ्हाडीला धार लावताना ऐकतोय कालपासून."

"तुम्ही मध्ये बोलाल?"

काकांनी चकली मोडली, पण तोंडात घातली नाही. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. मी बोललो म्हणजे काय होईल? त्या झाडासाठी मीच गयावया करायची, म्हणजे माझ्याच ब्लॉकवर मी पाणी सोडायचं. जामीन राहिलो की परत सही माग, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मग बोलू नका. झाड तुटेल, बाबा सही करतील. तुम्हाला तेच हवंय ना?"

"करेल ना. सही करेल आणि मरेपर्यंत माझ्याकडे बघणार नाही." त्यांनी चकलीचे तुकडे ताटात परत ठेवले. "उद्या मी टीव्ही बघणार आहे. ग्रहण दाखवणार आहेत."

मी काकूकडे बघितलं. ती तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? हे बोलले तर मी अडवणार नाही, गप्प बसले तर उठवणार नाही. पण सगळे माझ्या गुडघ्यांवर बोलताहेत, आणि मला कोणी काही विचारलंय का?"

काकूने माझ्या ताटात अनारसे घातले आणि मी परत आले.

दुसऱ्या दिवशी कात्रपच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. फटाके बंद. घराघरांतून टीव्हीवरचं तेच एक बोलणं ऐकू येत होतं. आईने पाण्याच्या हंड्यात, पिठाच्या डब्यात तुळशीची पानं टाकली होती. मी चहा करून घेतला. आई म्हणाली, "अगं, वेध लागलेत!" मी म्हटलं, "चहाला कुठे कळतंय."

बाबा आंघोळ करून ओल्या पंचानेच परसात उतरले. एका हातात मुसळ, एका हातात कुऱ्हाड. आई मागच्या दाराच्या उंबऱ्याशी थांबली, ग्रहणात ती बाहेर पाऊल टाकणार नव्हती. मी बाहेर गेले. माझ्याजवळ बाबांच्या छातीची जुनी एक्स-रे फिल्म होती, तिच्यातून बघितलं तर सूर्याला वरून चावा लागलेला. आमच्याकडे तो पूर्ण झाकला जाणार नव्हता, हे पेपरात वाचलं होतं. तरी उजेड विटला होता, ऊन असून ऊब नाही असा. फणसाखाली पानांतून उन्हाचे जे गोल ठिपके पडतात ते त्या दिवशी गोल नव्हते. सगळ्या परसभर, बाबांच्या पाठीवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर, चंद्रकोरीसारखे वाकडे तुकडे पडले होते. त्याचं कारण मला माहीत होतं. तरी अंगावर काटा आला.

काकांचं मागचं दार बंद होतं.

बाबांनी खोडाच्या चपला सोडून बाजूला ठेवल्या. मुसळाने ठोकलं. "ऐक रे. आबांनी लावला तुला. आमच्या घागरीतलं पाणी प्यायलास. फळ देतोस का तोडू?"

ते थांबले. मीही थांबले. बंद दारामागून टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी इंग्रजीतून सूर्याबद्दल सांगत होतं. काकांना इंग्रजी येत नाही.

कावळे पेरूवर येऊन बसायला लागले, संध्याकाळी बसतात तसे. बाबांनी दुसऱ्यांदा ठोकलं. या वेळी आवाज चढला होता. "सगळं बदलापूर बघतंय माझ्याकडे. तू नुसता उभा. फळ देतोस का तोडू?"

मी भिंतीपाशी सरकले. ओरडावंसं वाटत होतं, काका, बाहेर या. पण बाबांनी मला आधीच बजावलं होतं, मध्ये दुसऱ्या कोणी बोलायचं नाही, नाहीतर सगळंच वाया. उंबऱ्यात आईने पदर तोंडाशी धरला होता. तिची नजर झाडाकडे नव्हती, कुऱ्हाडीकडे नव्हती, त्या बंद दाराकडे होती.

बाबांनी मुसळ ठेवलं. कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरली. "शेवटचं विचारतो," ते म्हणाले, आणि या वेळी ते झाडाकडे बघतच नव्हते, भिंतीपलीकडे बघत होते. "देतोस का..."

टीव्ही बंद झाला.

"परतीचा पाऊस गेलेला नाही अजून." दार उघडलेलं नव्हतं. आतून आवाज आला, रोज आरशाला सांगायचे त्याच स्वरात. "बारवीकडे काल वीज होती. खोडात पाणी आहे. ओल्या झाडावर घाव घातला की कुजतं. वारा वरून, उत्तरेकडून, वाहायला लागू दे."

कुऱ्हाड हवेत होती. बाबा म्हणाले, "कोण बोललं?"

आत खाट करकरली.

"मला हवा सांगू नको," बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पावसापाण्याचं ऐकायला नकार देताना बघितलं. "हवा मला कळते. कोण बोललं?"

कडी निघाली. काका दारात आले, बनियनवर, चष्मा कपाळावर चढलेला. त्यांच्या मागे खाटेवर काकू बसलेली दिसत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे वळून बघितलं. मग ते अनवाणी परसात उतरले आणि भिंत संपते तिथे येऊन झाडाला हात लावला.

"मी बोललो. सोड त्याला, दादा. देईल तो."

"कधी?"

"पुढल्या साली."

"या साली का नाय?"

"म्हातारं झाड आहे, घाबरलंय. पुढल्या साली देईल. मी जामीन."

"आणि नाय दिलं तर?"

"मग मला विचार. त्याला विचारायचं नाही."

बाबांनी कुऱ्हाड खाली आणली. थांबवता थांबवता ती खोडाला लागलीच, पात्याचं टोक सालीत गेलं आणि पांढरा चीक बाहेर आला. दोघे भाऊ त्या चिकाकडे बघत उभे राहिले. मग काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत घरात गेले आणि टीव्ही लावला.

वाटेल की त्यानंतर सगळं गोड झालं. तसं झालं नाही. काकांनी बिल्डरच्या माणसाला स्वतः दारातून परत पाठवलं, आणि त्या दिवसापासून काकूने आमच्या घरी येणं बंद केलं. तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. दोघा भावांनी एका झाडापुढे एकमेकांची लाज राखली आणि तिला पुन्हा भिंत धरून परसाच्या टोकापर्यंत जायचं होतं. मी हे बाबांना सांगितलं. घरात स्पष्ट बोलायचं काम माझ्याकडेच होतं. "जामीन काका राहिले, पण फेडतेय काकू." बाबा अंगणातल्या दगडावर बसून राहिले.

त्या हिवाळ्यात कोके आले, काळे पडले, गळले. मुदत पुढल्या सालची होती.

आणि पौषातल्या एका सकाळी मला कोयत्याचा आवाज आला. मी धावत मागे गेले. झाड होतं तिथेच होतं. बाबा दुधीचा मांडव तोडत होते. भिंतीला लागून, काकूच्या दारासमोर, घरातली सगळ्यात मऊ, सगळ्यात खतावलेली जमीन ती. तिथे आबांपासून वेल होते. बाबांनी काठ्या उपसल्या, वेल गुंडाळून बाजूला टाकले, कोवळे दोन दुधी लागलेले होते तेही त्यात गेले. मग कावळ्याला म्हणाले, "वारा वरचा झाला. जमीन सुकली. खणायला हीच वेळ बरी."

पलीकडे काकांचा ब्रश थांबला. "काय खणायला?" त्यांनी आरशाला विचारलं.

"संडासाचा खड्डा. भिंतीत इथे वाट पाडू, तिच्या दारातून चार पावलांवर येईल. तिला भिंत धरायला नको."

काका अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून भिंत ओलांडून आले आणि पहार उचलली. काकू दारात आली होती. तिने दोन्ही भावांना खणताना बघितलं आणि म्हणाली, "नीट मोजून खणा. नाहीतर ते झाडच्या झाड खड्ड्यात येईल."

खड्डा फणसापासून फार लांब नव्हताच.

पुढच्या हिवाळ्यात कोके आले आणि काळे पडले नाहीत. खोडाला, अगदी खाली, आधी एक, मग दोन, मग बाबा सांगायचेच बंद झाले, नजर लागेल म्हणून. आमच्याकडे याच्या कारणावरून वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. बाबा म्हणायचे, भीती. काका म्हणायचे, शब्द. पुढल्या साली म्हणालो होतो, पुढल्याच साली दिलं. मी सांगितलं की खोडाला जखम झाली की काही झाडांना फळधारणा होते, कुऱ्हाडीचं टोक लागलं होतं ते आठवा. काकू सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि नव्या संडासाच्या दाराकडे बोट करायची. सरळ बोट, मुडपलेलं नाही.

वैशाखात पहिला फणस उतरवला. काकूने हाताला आणि सुरीला तेल लावलं आणि तिच्याच दारात तो फोडला. आबांची आणखी एक रीत होती, ज्याने कुऱ्हाड उगारली त्याने पहिलं फळ खायचं नाही. म्हणून बाबा भिंतीवर बसून राहिले. पहिला गरा जामीनदाराला.

काकांनी तो तोंडात घातला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते सावकाश चावत राहिले.

"कसा हाय?" बाबांना राहवलं नाही.

काकांनी आठळी हातावर काढली. "बरका निघाला."

"काय बरका? कापा हाय तो, कडक गऱ्याचा. आबांनी कापा लावला होता."

"आबांनी काहीही लावला असेल. गिळगिळीत आहे. घशाखाली जातोय हे मला कळत नाही?"

"तुला काय कळतंय? खड्डा मी खणला होता."

"पाणी मी घातलं होतं!"

"म्हणूनच बरका झाला असेल!"

काकू गरे सोलत राहिली. भर दुपारी परसात उन्हात उभे राहून दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत भांडत होते, आणि त्या दिवशी हवामान काय होतं हे कोणीच सांगितलं नाही.